पोलीस कोठडीतील नोंद आणि लोकशाही नियंत्रण : एक विश्लेषण

प्रस्तावना

नागरिकाला अटक करणे, त्याच्या घराची झडती घेणे, त्याला कोठडीत ठेवणे आणि प्रसंगी त्याच्यावर बळाचा वापर करणे हे अधिकार पोलिसांखेरीज अन्य कोणत्याही नागरी खात्याकडे एकत्रितपणे नाहीत. गुन्ह्याचा तपास आणि सार्वजनिक शांतता यांसाठी हे अधिकार आवश्यकच आहेत. त्यामुळे ते असावेत की नसावेत, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. त्यांचा वापर कसा झाला हे नंतर कोणी आणि कशाच्या आधारे तपासावयाचे, हा लोकशाहीपुढील खरा प्रश्न आहे.

कोठडीतील छळ आणि मृत्यू यांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एका मतानुसार कायदे अपुरे आहेत, तर दुसऱ्या मतानुसार कायदे पुरेसे असून काही मोजके अधिकारी वाईट आहेत. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु स्वातंत्र्यानंतर कायद्यात अनेक सुधारणा होऊनही आणि पोलीस दलात अनेक कर्तव्यदक्ष अधिकारी असूनही त्याच प्रकारच्या घटना पुनःपुन्हा का घडतात, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. या प्रश्नाचे मूळ कोठडीतील नोंदीच्या मालकीत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. चार भिंतींच्या आत काय घडले याचा पुरावा तयार करणे, तो जपणे आणि न्यायालयापुढे ठेवणे ही तिन्ही कामे ज्या यंत्रणेवर आरोप होतो तिच्याकडेच असतात. गेल्या पन्नास वर्षांतील महत्त्वाचे निर्णय व कायदेदुरुस्त्या या दृष्टीने पाहिल्यास त्यांच्या यशापयशाचा उलगडा होतो.

लेखाची व्याप्ती अटक, पोलीस कोठडी आणि त्यानंतरची चौकशी यांपुरती मर्यादित आहे. अशांत प्रदेशांतील सशस्त्र दलांचे विशेष अधिकार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कोठडीतील छळाची शासकीय पातळीवरील दखल भारतात स्वातंत्र्यापूर्वी बऱ्याच आधी घेतली गेली. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ साली प्रसिद्ध झाला. महसूल वसुलीसाठी आणि कबुलीजबाब मिळविण्यासाठी रयतेचा छळ होत असे, हे त्या अहवालाने मान्य केले. महसूल आणि पोलीस ही दोन्ही कामे त्या काळी बऱ्याच अंशी एकाच नोकरवर्गाकडे होती आणि तक्रार ऐकणारे अधिकारीही त्याच साखळीतील होते. दाद मागावयाची ती ज्याच्याविरुद्ध मागावयाची त्याच्याकडेच, ही परिस्थिती तेव्हापासूनची आहे.

१८५७ च्या उठावानंतर १८६१ साली पोलीस अधिनियम करण्यात आला. सत्तेचे रक्षण करणारे शिस्तबद्ध दल उभारणे हा त्याचा मुख्य हेतू होता. त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, अशी तरतूद आली. पुढे ती १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात कलम २५ व २६ म्हणून समाविष्ट झाली. ज्या दलाला राज्यकर्त्यांनी एवढे अधिकार दिले, त्या दलाने कोठडीत मिळविलेल्या जबाबावर मात्र त्यांनी विश्वास ठेवला नाही, ही विसंगती लक्षणीय आहे.

तथापि कलम २७ मध्ये एक अपवाद ठेवण्यात आला. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. चोरीचा माल किंवा गुन्ह्यातील हत्यार आरोपीच्या निवेदनावरून हस्तगत झाल्याचा पंचनामा हा आजही अनेक खटल्यांचा कणा असतो. परिणामी कबुलीजबाब निरुपयोगी ठरला तरी तो काढून घेण्याचे प्रलोभन शिल्लक राहिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हा नियम आणि हा अपवाद दोन्ही कायम आहेत.

संविधानातील चोवीस तास

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद २१ जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण करतो. अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे.

यांतील चोवीस तासांची मर्यादा ही सर्वांत ठोस हमी होय. ती कागदावर जितकी निःसंदिग्ध आहे तितकी व्यवहारात नाही, कारण हे चोवीस तास अटकेच्या वेळेपासून मोजले जातात आणि अटकेची वेळ पोलीसच लिहितात. एखाद्या इसमाला ‘चौकशीसाठी’ म्हणून सायंकाळी ठाण्यात आणले, रात्रभर बसवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखविली, तर कागदोपत्री घड्याळ दुपारी सुरू होते. मधली रात्र कोणत्याही नोंदीत येत नाही. त्या रात्री जे घडले त्याविषयी पुढे वाद उद्भवला, तर एका बाजूला ठाणे दैनंदिनी असते आणि दुसऱ्या बाजूला त्या इसमाचा शब्द असतो. संविधानाने दिलेला हक्क अशा प्रकारे ठाणे अंमलदाराच्या लेखणीवर अवलंबून राहतो.

देसाईगंज प्रकरण आणि कायद्यातील बदल

या असमतोलाचे सर्वांत परिचित उदाहरण महाराष्ट्रातील आहे. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीला तिच्या नातेवाईकांसह जबाबासाठी बोलावण्यात आले होते. जबाब आटोपल्यावर रात्री नातेवाईकांना बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबवून घेण्यात आले. ठाण्यातील दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे तिने बाहेर आल्यावर सांगितले. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निर्णयात ही शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या, यावर निर्णयात भर देण्यात आला होता.

रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, गणवेशातील पोलिसांपुढे एकटी उभी असलेली मुलगी प्रतिकाराचा पुरावा कोठून आणणार, हा प्रश्न सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून पुढे आला. देशभर स्त्री संघटनांचे आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पुरावा अधिनियमात कलम ११४-अ समाविष्ट करण्यात आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालय गृहीत धरील, असा नियम आला.

या दुरुस्तीचे महत्त्व शिक्षेच्या वाढीपेक्षा पुराव्याच्या ओझ्याच्या स्थलांतरात आहे. बंद दाराआड काय घडले याची माहिती ज्याच्याकडे आहे त्याने स्पष्टीकरण द्यावे, हे तत्त्व प्रथमच कोठडीच्या संदर्भात वैधानिक स्वरूपात मान्य झाले. मात्र ते एकाच गुन्ह्यापुरते मर्यादित राहिले.

अपुरी राहिलेली शिफारस

१९८५ साली ‘उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध रामसागर यादव’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न मृत्यूच्या संदर्भात आला. पोलिसाने लाच मागितल्याची तक्रार करणाऱ्या एका शेतकऱ्याला १९६९ मध्ये ठाण्यात नेऊन मारहाण करण्यात आली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी त्याने दंडाधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब हा निर्णायक पुरावा ठरला आणि उच्च न्यायालयाने सोडलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरविले. या निर्णयात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी नोंदविलेले निरीक्षण मूलगामी आहे. कोठडीत झालेल्या जखमांविषयी साक्ष देऊ शकणारे केवळ पोलीसच असतात आणि परस्परांतील बंधुभावामुळे ते गप्प राहणे पसंत करतात. म्हणून अशा खटल्यांतील पुराव्याच्या ओझ्याविषयीच्या कायद्याचा शासनाने फेरविचार करावा, असा त्याचा आशय होता.

त्यानुसार विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात पुरावा अधिनियमात कलम ११४-ब समाविष्ट करण्याची शिफारस केली. पोलीस कोठडीत असताना व्यक्तीला जखम झाल्याचे पुराव्यातून दिसले, तर ती त्या कालावधीत तिचा ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, असे तिचे स्वरूप होते. १९९४ चा १५२ वा आणि २०१७ चा २७३ वा अहवाल यांतही या विचाराचा पुनरुच्चार झाला. तथापि ही तरतूद कायद्यात आलेली नाही आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तिला स्थान मिळालेले नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली. परंतु त्याचे अनुसमर्थन झालेले नाही. त्यासाठीचे छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि अखेर व्यपगत झाले.

‘आरोपी पळून गेला’ : एका नोंदीचा इतिहास

नोंदीच्या मालकीचा परिणाम समजून घेण्यासाठी वेगवेगळ्या दशकांतील तीन प्रकरणे एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

१ डिसेंबर १९८७ रोजी ओडिशातील एका बावीस वर्षांच्या तरुणाला चोरीच्या तपासासाठी पोलीस चौकीत नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. बांधलेली दोरी दातांनी तोडून तो रात्री पळाला आणि रेल्वेखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच्या आईने लिहिलेल्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. जिल्हा न्यायाधीशांची चौकशी आणि वैद्यकीय पुरावा यांवरून मृत्यू कोठडीतील मारहाणीने झाल्याचे न्यायालयाने मान्य केले. ‘नीलाबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य’ या १९९३ च्या निर्णयात आईला दीड लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश झाला आणि मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल शासन भरपाईस जबाबदार असते, हे तत्त्व दृढ झाले.

डिसेंबर २००२ मधील घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झालेला मूळचा परभणीचा एक अभियंता जानेवारी २००३ मध्ये तपासासाठी औरंगाबादकडे नेला जात असताना वाहनाला अपघात होऊन पळून गेला, अशी नोंद मुंबई पोलिसांनी केली. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात ही हकीकत बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला. चौदा पोलिसांविरुद्ध कारवाई प्रस्तावित असता राज्य शासनाने चौघांविरुद्धच खटल्याची मंजुरी दिली. त्या तरुणाचा मृतदेह सापडला नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहरात लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेले दोन तरुण कोठडीतून पळून गेल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी एकाचा ठाण्यातच मृत्यू झाला आणि त्याचा देह आंबोली परिसरात नेऊन जाळण्यात आला, असा आरोप तपासात पुढे आला. त्यावरून फौजदारासह संबंधित पोलिसांना अटक झाली.

तीस वर्षांच्या काळात, दोन राज्यांत, तीन निरनिराळ्या ठाण्यांशी निगडित असलेल्या या हकीकतींतील पहिली नोंद एकसारखी आहे. आरोपी पळाला असे लिहिले की त्याच्या पुढील स्थितीची जबाबदारी ठाण्याकडे राहत नाही. तिन्ही प्रकरणांत या नोंदीला आव्हान मिळाले ते नातेवाईकांच्या चिकाटीमुळे आणि ठाण्याबाहेरील यंत्रणेने केलेल्या तपासामुळे. ज्या कुटुंबाकडे अशी चिकाटी, पैसा किंवा पाठबळ नसते, त्याच्या बाबतीत पहिली नोंदच अंतिम ठरण्याची शक्यता असते.

नोंदीचे नियम : अटक ज्ञापनापासून कॅमेऱ्यापर्यंत

१८ डिसेंबर १९९६ रोजी ‘डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयी अकरा निर्देश दिले. अटक करणाऱ्याने नाव व हुद्दा दर्शविणारी ठळक पट्टी लावावी, अटकेची वेळ व दिनांक लिहिलेले ज्ञापन तयार करून त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि आरोपीची स्वाक्षरी घ्यावी, नातेवाईकास कळवावे, अंगावरील जखमांची नोंद असलेले तपासणी ज्ञापन करावे, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, सर्व कागदपत्रांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे पाठवाव्यात, हे त्यांतील प्रमुख होत. हे निर्देश बारकाईने वाचल्यास त्यांचे समान सूत्र दिसते. प्रत्येक निर्देश ठाण्याबाहेरील एखाद्या व्यक्तीला नोंदीत सहभागी करून घेतो. पुढे २००८ च्या दुरुस्तीने यांपैकी अनेक बाबी फौजदारी प्रक्रिया संहितेत आल्या आणि आता त्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा नामनिर्देशित अधिकारी प्रत्येक ठाण्यात असावा आणि ती माहिती ठळकपणे प्रदर्शित व्हावी, असेही या संहितेचे कलम ३७ सांगते.

याच मार्गावरील पुढचे पाऊल म्हणजे २ डिसेंबर २०२० चा ‘परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग’ हा निर्णय होय. प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि मागील आवार येथे ध्वनीसह चित्रण करणारे कॅमेरे असावेत आणि चित्रण अठरा महिने, तशी सोय उपलब्ध नसल्यास किमान एक वर्ष, जतन करावे, असा आदेश देण्यात आला. कॅमेऱ्याला बंधुभाव नसतो, ही त्यामागील अपेक्षा होती.

परंतु कॅमेरा कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न येथेही सुटत नाही. जून २०२० मध्ये तमिळनाडूतील सातानकुलम येथे टाळेबंदीच्या काळात दुकान उघडे ठेवल्याच्या कारणावरून पकडलेल्या पितापुत्रांचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ठाण्यात गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना असे आढळले की, यंत्रात पुरेशी साठवण क्षमता असूनही चित्रण रोजच्या रोज पुसले जाईल अशी व्यवस्था केलेली होती. ठाण्यातील पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना सहकार्य न केल्याने ते ठाणे महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात देण्याची वेळ न्यायालयावर आली. तेथे सत्य पुढे आले ते मुख्यतः एका महिला पोलीस हवालदाराने धैर्याने दिलेल्या जबाबामुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, यावरून या उपायाचीही मर्यादा स्पष्ट होते. दैनंदिनीतील रिकामी ओळ आणि बंद कॅमेरा यांचा परिणाम एकच असतो.

न्यायदंडाधिकाऱ्याची भूमिका

ठाण्याबाहेरचा पहिला अधिकृत साक्षीदार म्हणजे न्यायदंडाधिकारी. ‘शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९८३ च्या निर्णयाचे या संदर्भात विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला बंदींशी पत्रकार शीला बारसे यांनी संवाद साधला असता पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहास भेट देऊन अहवाल सादर करण्यास सांगितले. त्यानंतर दिलेल्या निर्देशांत, हजर केलेल्या व्यक्तीला कोठडीत छळाची तक्रार आहे काय, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क सांगावा, ही बाब समाविष्ट होती. गर्दीच्या न्यायालयात, ज्यांच्याविरुद्ध तक्रार करावयाची तेच पोलीस शेजारी उभे असताना आणि पुन्हा त्यांच्याच ताब्यात जावयाचे असताना या प्रश्नाला मिळणारे उत्तर किती मोकळे असेल, याचा विचार करणे आवश्यक आहे. नव्या संहितेच्या कलम १८७ नुसार पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग न मागता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. त्यामुळे पुन्हा ठाण्यात जाण्याची शक्यता अधिक काळ टिकून राहते आणि दंडाधिकाऱ्याच्या या प्रश्नाचे महत्त्व वाढते.

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करावी, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली आणि २००६ पासून अमलात आली. चौकशीनंतर काय करावयाचे, याविषयी मात्र कायदा बराचसा मौन पाळतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथील आंदोलनानंतर अटक झालेल्या विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांनंतरच्या आघाताचा उल्लेख होता आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशीही झाली. तरीही गुन्हा दाखल होण्यासाठी मृताच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. स्वतंत्र नोंद तयार झाली तरी ती आपोआप कारवाईत रूपांतरित होत नाही, हे या प्रकरणाने दाखविले.

मंजुरी, तक्रार प्राधिकरण आणि पोलिसांची बाजू

कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर खटला चालविण्यास शासनाची पूर्वमंजुरी लागते. द्वेषमूलक खटल्यांपासून प्रामाणिक अधिकाऱ्याचे संरक्षण व्हावे हा त्यामागील हेतू योग्यच आहे. प्रत्यक्षात मंजुरी वर्षानुवर्षे प्रलंबित राहत असे. नव्या संहितेच्या कलम २१८ नुसार १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र मंजुरी नाकारण्याचा अधिकार शासनाकडे कायम आहे.

‘प्रकाश सिंह विरुद्ध भारत संघ’ या २२ सप्टेंबर २००६ च्या निर्णयात दिलेल्या सात निर्देशांपैकी एक पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदेदुरुस्तीने राज्य व विभागीय पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद झाली. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यातच देण्याची सक्ती त्यामुळे संपते. या व्यवस्थेचे यश तिला मिळणाऱ्या स्वतंत्र तपास कर्मचाऱ्यांवर आणि तिच्या शिफारशींच्या अंमलबजावणीवर अवलंबून राहील.

येथे पोलिसांची बाजूही विचारात घेणे न्याय्य ठरते. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या आठ अहवालांत राजकीय हस्तक्षेप, शिपायांचे प्रदीर्घ कामाचे तास आणि गुन्हा लवकर उघडकीस आणण्याचा दबाव यांची सविस्तर चर्चा केली आहे. न्यायवैद्यक साधने अपुरी, मनुष्यबळ अपुरे आणि वरिष्ठांकडून मात्र तातडीच्या निकालाची अपेक्षा, अशा स्थितीत मारहाण हे तपासाचे स्वस्त साधन बनते. समाजही अनेकदा त्याला मूक संमती देतो. म्हणूनच विश्वासार्ह नोंद ही पोलिसांच्याही हिताची आहे. कोठडीत छळ झाल्याचा खोटा आरोप झाला, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचे रक्षण स्वतंत्र नोंदच करू शकते. ठाण्याने स्वतः लिहिलेली नोंद त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण तिच्यावर कोणाचाच विश्वास उरलेला नसतो.

एक तुलनात्मक उदाहरण

नोंद करणारा आणि तपास करणारा वेगळा असावा, हा विचार इंग्लंडने कायद्यात आणला. १९७२ मधील एका खुनाच्या खटल्यात तीन तरुणांचे कबुलीजबाब अविश्वसनीय असल्याचे नंतर उघड झाले. त्यातून शाही आयोग नेमला गेला आणि १९८४ चा पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियम अस्तित्वात आला. या कायद्यानुसार ठाण्यात कोठडी अधिकारी हे पद असून त्या अधिकाऱ्याचा संबंधित गुन्ह्याच्या तपासाशी संबंध नसावा, असा नियम आहे. आरोपी ठाण्यात आल्याची वेळ, त्याचे जेवण, विश्रांती, वैद्यकीय गरजा आणि जबाबांच्या वेळा यांची सलग नोंद त्याला ठेवावी लागते आणि जबाबांचे ध्वनिमुद्रण होते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे, कारण हा अधिकारीही पोलीसच असतो. तथापि आरोपीच्या प्रकृतीची जबाबदारी तपासाच्या यशापासून वेगळी केल्याने नोंद लपविण्याचे कारण कमी होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, भारतात कोठडीविषयक हक्कांची कमतरता नाही; त्या हक्कांचा भंग झाला हे सिद्ध करण्याचे साधन मात्र भंग करणाऱ्याच्या हाती आहे. दुसरा, ज्या सुधारणांनी काही परिणाम साधला त्या सर्वांनी एकतर पुराव्याचे ओझे हलविले किंवा ठाण्याबाहेरच्या व्यक्तीला नोंदीत आणले. तिसरा, ज्या सुधारणा क्षीण झाल्या त्यांत नोंदीचे नियंत्रण पुन्हा ठाण्याकडेच गेले. म्हणून कोठडीतील जखमांविषयीच्या गृहीतकाची विधी आयोगाची शिफारस स्वीकारणे, ठाण्याच्या कॅमेऱ्यांचे चित्रण ठाण्याबाहेर साठविणे, तपासाशी संबंध नसलेला कोठडी अधिकारी नेमणे आणि दंडाधिकाऱ्याच्या चौकशी अहवालानंतरची कार्यपद्धती कायद्याने निश्चित करणे हे चार उपाय प्राधान्याचे ठरतात.

या इतिहासात शिक्षणसंस्थांची भूमिका दुय्यम नव्हती. देसाईगंजच्या मुलीची बाजू देशापुढे मांडली ती कायद्याच्या अभ्यासकांनी. मुंबईच्या महिला बंदींची स्थिती न्यायालयापुढे ठेवण्याचे काम एका महाविद्यालयाच्या संचालकांकडे सोपविण्यात आले. विधी महाविद्यालयांची कायदेविषयक साहाय्य केंद्रे, समाजकार्य विभागांचे क्षेत्रकार्य आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प यांतून अटक ज्ञापनाचा नमुना, नातेवाईकास कळविण्याचा नियम आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क गावपातळीवर पोहोचविता येईल. एखाद्या रात्री ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या आईला आपल्या मुलाच्या अटकेची वेळ लेखी मागण्याचा हक्क आहे हे ठाऊक असेल, तर त्या रात्रीची निदान एक नोंद ठाण्याबाहेर राहील. लोकशाही नियंत्रणाची सुरुवात त्या नोंदीपासून होते.